गाडीचा उखळीचा सांधा : बॉल जॉईंट समजून घेणे, तपासणे आणि जपणे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण शरीरातील सांध्यांचे प्रकार शिकलेले असतो. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे, कारण ते दाराप्रमाणे एकाच प्रतलात हलतात. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे, कारण एका हाडाचे गोल टोक दुसऱ्या हाडाच्या खळग्यात बसून सर्व बाजूंना फिरते. मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे नेमका असाच एक, आणि काही गाड्यांत दोन, उखळीचे सांधे असतात. गॅरेजमध्ये त्याला ‘बॉल जॉईंट’ म्हणतात. मुठीत मावेल एवढा हा भाग चाकाला गाडीशी जोडून ठेवतो, आणि तो पूर्ण सुटला तर चाक जागेवर राहत नाही. इंजिन ऑइल आणि ब्रेक पॅड यांची चौकशी करणारे बहुतेक गाडीमालक या सांध्याची चौकशी कधीच करत नाहीत, म्हणून त्याच्याविषयी जरा विस्ताराने लिहीत आहे.

पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. खड्डा किंवा उंचवटा आला की ते वर-खाली व्हायला हवे, आणि स्टीअरिंग फिरवले की डावी-उजवीकडे वळायला हवे. जुन्या गाड्यांमध्ये वळण्याचे काम किंगपिन नावाचा उभा खिळा करत असे आणि वर-खाली होण्यासाठी वेगळी जोडणी लागे; अनेक ट्रक आणि ट्रॅक्टरांत किंगपिन आजही आहे. बॉल जॉईंटने ही दोन्ही कामे एका सांध्यात आणली. चाक ज्यावर बसते तो पोलादी तुकडा, म्हणजे नकल, आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेला लोअर आर्म यांच्यामध्ये हा सांधा बसतो. आर्म वर-खाली झुलतो, नकल डावी-उजवीकडे फिरते आणि दोन्ही हालचाली त्या एका गोळ्याभोवती होतात.

सांध्याची रचना साधी आहे. एका पोलादी दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा असतो. तो पोलादाच्या वाटीत बसवलेला असतो आणि गोळा व वाटी यांच्यामध्ये, आजच्या बहुतेक गाड्यांत, कठीण प्लॅस्टिकचे अस्तर असते. आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. दांड्याचे दुसरे टोक एकतर निमुळते असते व त्यावर खाचांचा नट आणि तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन येते, किंवा ते सरळ असून त्याला एक खोबण असते आणि नकलेतून आडवा जाणारा बोल्ट त्या खोबणीत दांड्याला आवळून धरतो. या सगळ्यावर घड्या असलेली रबराची टोपी असते. तिला बूट म्हणतात. अनुभवाने माझे मत असे झाले आहे की या सांध्याचे आयुष्य पोलादापेक्षा या रबरावर अधिक अवलंबून असते. बूट शाबूत असेपर्यंत ग्रीस आत आणि पाणी बाहेर राहते. त्याला चीर पडली की पावसाचे पाणी आणि बारीक माती आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, गोळ्याला गंज धरतो, आणि तोच खरखरीत गोळा प्रत्येक वळणावर अस्तर खरवडू लागतो. मग सांधा सैल होतो आणि शेवटी दांडा वाटीतून निसटू शकतो. बूट फाटणे आणि दांडा निसटणे यांच्यामध्ये सहसा बराच काळ जातो, आणि गाडीमालकाच्या हातात असलेली संधी तीच.

आपल्या गाडीतील सांध्यावर कोणता भार येतो

तपासण्याची पद्धत यावर ठरते, म्हणून हा भाग वगळू नये. मारुती ८०० भारतात १९८३ साली आली तेव्हापासून आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांपर्यंत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट ही रचना दिसते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे नावारूपाला आली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात आणि गाडीचे वजन त्या खांबातून थेट नकलेवर उतरते. त्यामुळे खालच्या बॉल जॉईंटवर गाडीचे उभे वजन जवळजवळ येत नाही. तो ब्रेक लावताना मागे खेचणारा आणि वळणावर आडवा ढकलणारा जोर सांभाळतो. अशा गाडीत प्रत्येक बाजूला एकच बॉल जॉईंट असतो, आणि म्हणूनच तो तुटला तर त्याच्या जागी उभे राहणारे दुसरे काही नसते. चाकाचा खालचा भाग बाहेर पडतो, पुढच्या चाकांना ताकद देणारा एक्सल गिअरबॉक्समधून ओढला जातो आणि गाडी त्या बाजूला खाली बसते.

इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत मात्र पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. तेथे स्प्रिंगचा दाब, म्हणजेच गाडीचे वजन, खालच्या बॉल जॉईंटमधूनच चाकाकडे जाते. हा सांधा भारवाहक असल्यामुळे लवकर झिजतो, आणि गाडी चुकीच्या ठिकाणी जॅक लावून उचलली तर स्प्रिंगच्या दाबाने घट्ट आवळला जाऊन झिजलेला असूनही निर्दोष वाटतो.

आवाज ओळखणे

माझ्या स्वतःच्या हॅचबॅकमध्ये एका पावसाळ्यानंतर गतिरोधकावरून हळू उतरताना डावीकडून ‘खट्’ असा एकच आवाज येऊ लागला. एका गॅरेजमध्ये आवाज ऐकून दोन्ही शॉक अब्सॉर्बर बदलले गेले. आवाज तसाच राहिला. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने गाडी उचलून नुसता हात फिरवला आणि बूट अर्ध्या घेरात फाटलेला दाखवला. आत ग्रीसऐवजी ताम्हिणी घाटाच्या आणि पुढे कोकणाच्या रस्त्यांवरची लाल माती घट्ट बसली होती. खर्च दुप्पट झाला हे एक, पण दरम्यानच्या दोन महिन्यांत कुटुंबाला घेऊन मी त्याच सांध्यावर घाट उतरत होतो, हे कळल्यावर मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून अंदाजाने भाग बदलू देत नाही, आधी तपासून पाहतो.

झिजलेला बॉल जॉईंट साधारणपणे कमी वेगात, एखाद्या चाकावरचा भार अचानक बदलताना, एकच ठोका देतो. ग्रीस संपलेला पण अजून सैल न झालेला सांधा जागच्या जागी स्टीअरिंग फिरवताना करकरतो. सांधा बराच सैल झाला असेल तर महामार्गावर गाडी सरळ रेषेत राहत नाही, स्टीअरिंगला सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि अलाइनमेंट करूनही टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजत राहतो.

हीच लक्षणे शेजारच्या इतर भागांचीही असू शकतात, आणि गोंधळ बहुतेक वेळा येथेच होतो. तुटक्या रस्त्यावर डावे आणि उजवे चाक वेगवेगळे उसळत असताना सलग खडखड होत असेल तर प्रथम संशय लिंक रॉडवर घ्यावा, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (गाडीचा वळणावरचा झुकाव आवरणाऱ्या, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांडीला) जोडणाऱ्या बारीक दांड्यांवर. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडून मोकळ्या जागेत अगदी सावकाश फेरी मारली आणि आवाज थांबला तर दोष त्यांचाच. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना ‘धप्’ असा बोजड आवाज आला तर लोअर आर्मची रबरी बुश, म्हणजे आर्म सांगाड्याला जोडतो तेथील रबराचे अस्तर, पाहावी. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘टक्-टक्-टक्’ असा चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा आवाज एक्सलच्या सांध्याचा असतो. जागेवर स्टीअरिंग फिरवताना होणारी करकर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचीही असू शकते. सोबत्याला स्टीअरिंग हळू फिरवायला सांगून बाहेरून स्प्रिंगवर बोटे टेकवली आणि स्प्रिंग झटक्याने फिरत असल्याचे जाणवले तर दोष वर आहे, बॉल जॉईंटमध्ये नाही.

घरी तपासणी कशी करावी

वर्षातून दोनदा, मे महिन्यात पाऊस येण्यापूर्वी आणि ऑक्टोबरमध्ये तो गेल्यावर, ही तपासणी करावी असे माझे सांगणे आहे. शिवाय खोल खड्ड्यात जोराचा दणका बसला असेल तर लगेच करावी. त्यासाठी जॅक, दोन भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार), मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे किंवा दगड, टॉर्च, फडके आणि एक लांब पहार एवढे साहित्य आणि एक सोबती लागतो.

गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करावी, हॅंडब्रेक ओढावा, गिअर घालावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावा. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत पुढची दोन्ही चाके उचलून गाडी कंपनीने दाखवलेल्या जागी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीखाली हात, पाय किंवा डोके कधीही घालू नये. जॅक सरकायला क्षणही लागत नाही. दोन्ही चाके उचलण्याचे कारण असे की एकच चाक उचलले तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो, त्याचा ताण लोअर आर्मवर येतो आणि सांध्यातील ढिलाई लपते.

पहिली पाहणी बुटाची. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, बूट फडक्याने पुसावा आणि टॉर्चच्या उजेडात घड्यांच्या आतपर्यंत पाहावे, कारण चीर बहुधा घडीच्या तळाशी पडते आणि वरून दिसत नाही. बोटांनी बूट हलकेच दाबावा. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक भेगा रबर म्हातारे झाल्याचे सांगतात आणि लक्ष ठेवायला लावतात. आरपार चीर, कडेने बाहेर आलेले ग्रीस किंवा निखळलेली तारेची कडी दिसली तर मात्र सांधा खराब होण्याची सुरुवात झालेली असते.

नंतर चाक सरळ करून एक हात चाकाच्या वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला धरावा, आणि वरचा हात ढकलताना खालचा ओढावा. निर्दोष चाक अजिबात डुगडुगत नाही. डुगडुगले तर सोबत्याला ब्रेकचे पेडल घट्ट दाबून ठेवायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या पकडीत, धरली जाते आणि हब, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा मधला भाग, नकलेशी जखडला जातो. म्हणून ढिलाई चाकाच्या बेअरिंगमधील असेल तर ती नाहीशी होते किंवा बरीच कमी होते, आणि बॉल जॉईंटमधील असेल तर जशीच्या तशी राहते. चाक घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवताना ढिलाई जाणवली तर स्टीअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंग रॅक तपासावा लागतो.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा पहारीची आहे. लोअर आर्म आणि नकल यांच्या फटीत पहारीचे टोक बुटाला न लावता घालावे आणि थोडा जोर देऊन दोन्ही भाग एकमेकांपासून दूर करण्याचा प्रयत्न करावा. त्याच वेळी सोबत्याने दोन बोटे अशी ठेवावीत की एक आर्मवर आणि एक नकलेवर टेकेल. डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटांना कळते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत तेथे खटका जाणवला तर सांधा बदलायचा, असे मी मानतो. काही गाड्यांच्या रचनेत थोडी ढिलाई मान्य असते आणि तिची मर्यादा मिलिमीटरच्या अंशात कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली असते. ती डायल गेज या बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणाने मोजावी लागते.

स्प्रिंग खालच्या आर्मवर असलेल्या गाडीत जॅक सांगाड्याखाली न लावता खालच्या आर्मखाली, बॉल जॉईंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा आणि चाक जमिनीपासून थोडेच उचलावे. असे केल्याने स्प्रिंगचा दाब जॅकवर येतो आणि सांधा मोकळा होतो. मग चाकाखाली पहार घालून चाक वर उचलून पाहिले की उभी ढिलाई कळते. कर्मचारी सांगाड्याखाली जॅक लावून “सगळं टाईट आहे” म्हणाला तर त्या वाक्यावर विसंबू नये, आर्मखाली जॅक लावून पुन्हा पाहायला सांगावे.

रोजची निगा

आजच्या बहुतेक गाड्यांत हा सांधा बंद असतो आणि त्यात बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नसते. काही जण सुईने बूट टोचून ग्रीस भरून देतात. तसे करू देऊ नये, कारण ग्रीस जेथून आत गेले तेथूनच पाणी आत जाते. सांध्याला ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरण्याचे तोंड, असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराने, आणि शिवाय पावसाळा संपल्यावर एकदा, घट्टपणाच्या मापात दोन क्रमांकाचे (NLGI 2) लिथियमयुक्त ग्रीस हाताच्या ग्रीस गनने भरावे. निप्पल आधी स्वच्छ पुसावे, नाहीतर त्याच्या तोंडावरची माती ग्रीससोबत आत ढकलली जाते. बूट किंचित फुगला की थांबावे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने बूट फाटतो किंवा त्याची कड निखळते.

पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळके ऑइल किंवा डिझेल मिसळलेले ऑइल फवारून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पत्र्याला गंज लागू नये हा त्यामागचा हेतू चांगला असतो, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. आर्मच्या बुश याच रबराच्या असतात. गंजरोधक लेप लावायचा असेल तर बूट आणि बुश झाकून तो पत्र्यापुरता लावून घ्यावा. धुलाई केंद्रात जोराच्या पाण्याची पिचकारी बुटाच्या कडेवर अगदी जवळून धरू देऊ नये, पण गाडीखालचा चिखल वाळून दगड होण्याआधी साध्या पाण्याने जरूर काढावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे, कारण खाऱ्या हवेत बुटाची कडी आणि आडवा बोल्ट दोन्ही गंजतात, आणि गंजलेला बोल्ट सोडवताना नकलेचेच नुकसान होते.

बूट नुकताच फाटलेला असेल, कोरडा ऋतू असेल आणि सांधा घट्ट असेल तर नुसता बूट बदलून, आतले ग्रीस पुसून नवे भरता येते. पावसाळ्यात फाटलेल्या बुटाच्या बाबतीत मी असा प्रयत्न करणार नाही. एकदा आत गंज धरला की नवा बूट तो झाकून ठेवण्यापलीकडे काही करत नाही.

बदलताना काय पाहावे

अनेक हॅचबॅक गाड्यांत बॉल जॉईंट लोअर आर्ममध्येच दाबून बसवलेला असतो, काही गाड्यांत तो रिव्हेटने किंवा बोल्टने जोडलेला असतो. आर्मच्या बुशही जुन्या झाल्या असतील तर पूर्ण आर्म बदलणे मला श्रेयस्कर वाटते; मजुरी एकदाच पडते. झिजलेल्या वाटीची कड ठोकून किंवा दाबून सांधा पुन्हा घट्ट करून देणारे काही ठिकाणी आढळतात. तो सांधा काही दिवस आवाज करत नाही, परंतु आतले अस्तर गेलेलेच असते. वेल्डिंगचा तर विचारही करू नये. त्या उष्णतेने प्लॅस्टिकचे अस्तर वितळते आणि पोलादाची ताकद बदलते.

काम स्वतः करणार नसाल तरी पुढील गोष्टी उभे राहून पाहाव्यात. निमुळता दांडा काढताना ओढणीचा, म्हणजे पुलरचा, वापर व्हावा किंवा नकलेच्या ज्या कानात दांडा बसतो त्या कानावर बाजूने हातोडा मारून तो मोकळा करावा. दांड्याच्या आट्यांवर घाव घालू नयेत. नवा दांडा बसवताना त्याचा निमुळता भाग आणि त्याची जागा कोरडी व स्वच्छ असावी, तेथे ग्रीस लावू नये. खाचांचा नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावा, आणि स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर तो मागे सोडू नये, थोडा पुढे आवळून भोक जुळवावे. स्प्लिट पिन नवीच असावी. आडव्या बोल्टची रचना असेल तर बोल्ट दांड्याच्या खोबणीतूनच गेला आहे याची खात्री करावी.

आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. चाक हवेत लोंबकळत असताना ते आवळले तर बुशचे रबर त्या स्थितीत जखडते, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ही चूक फार सर्रास होते. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे, आणि आठवड्याभराने टॉर्च घेऊन नवा बूट नीट बसला आहे ना हे पाहावे.

काम झाल्यावर जुना सांधा मागून घ्यावा. नव्या सांध्याचा दांडा हाताने फिरवायला चांगला जोर लागतो आणि तो ठेवाल तेथे थांबतो. झिजलेल्याचा दांडा आपल्या वजनाने एका बाजूला पडतो. बूट कापून आत पाहिले तर ग्रीसचा रंग, गंजाचे डाग आणि मातीचा थर यांवरून पाणी किती दिवसांपासून आत जात होते याचा अंदाज येतो, आणि दुसऱ्या बाजूच्या सांध्याचा बूट आजच तपासायचा की ऑक्टोबरपर्यंत थांबायचे हेही त्यावरून ठरवता येते.